अर्धा इंच लांब बाही

शिंपीणबाईंनी समुपदेशक ताईंच्या टेबलावर पिशवी रिकामी केली. कोटाचे कापलेले तुकडे, त्यांवर नवऱ्याच्या हातच्या खडूच्या रेघा. तेवीस वर्षं नवरा कापायचा आणि बाई शिवायच्या. तो गेल्याला चार महिने झाले होते. कोटाचे मालक, शाळेतले मास्तर, दुकानावरून जाताना नुसते खोकत, मागत नसत.

"हा शिवला की संपलं हो. त्यांच्या हातचं काही उरत नाही."

ताईंनी समजूत घातली नाही. "काम करताना काय बोलायचात दोघं?"

"बोलायचो कसलं, भांडायचो! बाही कायम अर्धा इंच लांब. म्हणायचे, हात पुढे केला तरी मनगट झाकलेलं राहावं."

"मग या बाहीवरून भांडायचं राहिलंय की अजून."

बाई हसल्या, आणि हसता हसताच त्यांना चार महिन्यांचं रडू फुटलं. ताई घड्याळाकडे न बघता बसून राहिल्या.

घरी येऊन बाईंनी बाही मशीनवर धरली. "पुन्हा लांब कापलीत ना?" मोठ्यानं विचारलं, आणि पायडलवर पाय ठेवून उत्तराची वाट बघत राहिल्या. मग एरवी छाटून टाकायच्या तो अर्धा इंच त्यांनी खडूच्या रेघेसकट आत दुमडला आणि शिवायला घेतला.