दोन मिलिमीटरचा फरक

सकाळी आठला दादाची गाडी गॅरेजच्या दारात थांबली, तेव्हा मागच्या सीटवर माणसांऐवजी चाकं बसलेली होती. दोन सीटवर, दोन डिकीत. अ‍ॅलॉयची, टायरसकट, आरशासारखी पुसलेली.

"बसव पटकन," दादा उतरत म्हणाला. "तोवर तुझी बेडकी आवरेल."

बेडकी म्हणजे ताईची तेरा वर्षांची लेक. पाण्यात पडली की बाहेर यायचं नाव घेत नाही, म्हणून मामाने ठेवलेलं नाव. दीडशे किलोमीटरवरच्या शहरात दुपारी दोनला तिची पोहण्याची स्पर्धा होती. ताईचं टायरचं गॅरेज शनिवारी गिऱ्हाइकांनी भरलेलं असायचं, त्यामुळे भाचीला मामाच घेऊन जाणार होता.

ताईने एका चाकाच्या भोकांवर अंतर मोजायचा कॅलिपर लावला. भुवया वर गेल्या. पुन्हा लावला. मग गाडीचं एक जुनं चाक उतरवून आतल्या बोल्टांमधलं अंतर मोजलं.

"दादा, ही या गाडीची नाहीत."

"ठाऊक आहे मला. माझी आधीची गाडी होती ना, तिला होती तशीच विकत आणलीत. त्याच मॉडेलची."

"बोल्टांचं वर्तुळ वेगळं आहे. गाडीला एकशे चौदा, चाकाला एकशे बारा."

"पाच बोल्ट, पाच भोकं. दोन मिलिमीटरने काय आभाळ कोसळणार आहे?"

"नट बसेल, पण तिरका बसेल. आणि तिरका नट चालता चालता सैल होतो."

"विकणारा म्हणाला, सगळे लावतात. तू उगाच घाबरवतेस."

दुसरं कुणी असतं तर ताईने चाकं उचलून परत सीटवर ठेवली असती. पण हा दादा होता. टायरचं काम बाईमाणसाचं नव्हे म्हणून वडिलांनी आकांडतांडव केलं, तेव्हा घरातून एकटा तोच तिच्या पाठीशी उभा राहिला होता. पहिले सहा महिने रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायचा, कुणी वेडंवाकडं बोलू नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी त्याचा छापखाना बंद पडला, मोठी गाडी गेली, ही जुनी छोटी आली. आज स्पर्धेच्या तलावावर त्याचे पूर्वीचे सोबती भेटणार होते, त्यांच्याही मुली पोहणार होत्या. तो तोंडाने काही बोलला नव्हता, पण चाकांवरून फिरणारा त्याचा हात ताईला दिसत होता.

तिने बसवली. पुढच्या डाव्या चाकाचा तिसरा नट आवळताना पाना पुरेसं आवळल्याचं सांगत "कट्" म्हणाला खरा, पण त्याआधी नट किंचित सरकल्यासारखा वाटला. तिने सोडून पुन्हा आवळला.

"ऐंशीच्या वर जायचं नाही. पन्नास किलोमीटरवर थांबून सगळे नट तपासायचे. पाना पायाशी ठेवलाय."

"हो गं बाई, हो."

मागच्या काचेतून लेकीने हात हलवला आणि नऊला गाडी वळणाआड गेली.

पुढच्या गिऱ्हाइकाची गाडी लिफ्टवर चढवताना ताईच्या मनात पाल चुकचुकली. तिने दुर्लक्ष केलं. त्या गाडीचा नट सरळ, गुळगुळीत आत गेला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. नट असा बसायला हवा. दादाच्या गाडीचा तसा बसला नव्हता. हाताला तेव्हाच कळलं होतं. डोकं मात्र दादाकडे बघत होतं.

दादाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे तिनेच त्याच्या गळी उतरवलं होतं. लेकीला लावला, तर तो गॅरेजमधल्या टेबलावरच, चार्जरला लटकून वाजू लागला.

तिने जॅक व्हॅनमध्ये टाकला, हत्यारांची पेटी टाकली आणि शटर ओढलं.

"अहो ताई, माझी गाडी!" गिऱ्हाईक ओरडलं.

"तुमची गाडी लिफ्टवर सुखरूप आहे. माझी पोर रस्त्यावर आहे."

दादाच्या गाडीसारखी पांढरी गाडी रस्त्याकडेला उभी दिसली की ती वेग कमी करून आत कोण आहे ते बघायची. चाळीस किलोमीटरवर वाहनांची रांग लागली. पुढे माणसं घोळका करून काहीतरी बघत होती. व्हॅन तिथेच सोडून ती धावत पुढे गेली. ट्रकमधून सोफा पडला होता आणि तो उचलायचा कसा यावर चौघांचं भांडण जुंपलं होतं. तिला हसूही येईना, रडूही येईना.

साठ किलोमीटरच्या पुढे एका पेट्रोल पंपावर, हवा भरायच्या जागेजवळ, ती गाडी दिसली. कठड्यावर लेक बसली होती, पोहण्याचा चष्मा कपाळावर चढवून. दादा डाव्या चाकापाशी उकिडवा बसला होता.

ताईने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती चाकापाशी वाकली.

एक नट गायब होता. दुसरा बोटांनी फिरत होता. बोल्टाचे आटे पार खाल्ले गेले होते.

"मी म्हटलं होतं मामाला," लेक म्हणाली. "स्टीअरिंग थरथरतंय. तो म्हणाला, रस्ता खराब आहे. मग टकटक यायला लागलं. तू पन्नासवर थांबायला सांगितलं होतंस आणि साठ झाले होते. मी इतकी ओरडले की तो थांबलाच."

"किती वेळ थरथरत होतं?" ताईने दादाला विचारलं.

"वीसेक किलोमीटर." तो वर बघत नव्हता. "थांबलो असतो तर तुझं खरं ठरलं असतं. थांबल्यावर तुला फोन करायलाही तोंड नव्हतं."

"माझी पोर होती आत, दादा."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "तू नको म्हणाली होतीस."

"म्हणाले आणि मग माझ्याच हाताने बसवली. त्याला नको म्हणणं म्हणत नाहीत."

पंपावरचा माणूस हवेची नळी हातात धरून ऐकत होता. तो हळूच बाजूला झाला.

हा बोल्ट बदलल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असं ताईने ठरवलं आणि दादाने मान डोलावली. तिघं व्हॅनच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसले. लेक मध्ये. ताईने व्हॅन हमरस्त्याला घेतली. मग लेक म्हणाली, "मामा, तुझं कोपर माझ्या बरगडीत रुततंय." दादा अंग चोरून दाराला चिकटला.

पावणेदोनला ते तलावावर पोचले. दाराशी दादाचे सोबती उभे होते. रबराच्या वासाने भरलेल्या व्हॅनमधून त्याला उतरताना बघून एकाने विचारलं, "गाडी कुठे रे तुझी?"

"पंपावर सोडली," दादा म्हणाला. "ही माझी बहीण. टायरचं गॅरेज आहे तिचं. तिचं ऐकलं नाही मी. भाचीला घेऊन मरता मरता वाचलो."

सोबती त्यांना आत कठड्यापाशी घेऊन गेले. मग एकजण बाजूला सरकला आणि म्हणाला, "या ताई, इथून चांगलं दिसतं."

शिट्टी वाजली, मुलींनी उड्या घेतल्या. ताईने कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. चौथ्या पट्ट्यात तिची लेक पाणी कापत निघाली होती. शेजारी दादा नरडं ताणून ओरडत होता. लेक पाचवी आली, वर येऊन धापा टाकत तिने आधी आईकडे बघितलं आणि तेव्हा कुठे ताईने कठडा सोडला.