वर कोणी राहत नाही

शहर वाढतं म्हणजे काय होतं, हे शिवणवालीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती भाड्याने आली तेव्हा घरमालकीण मावशीचं घर बैठं होतं आणि समोर नुसती शेतं. मग शेतांत कारखाने आले, कारखान्यांत माणसं आली, आणि त्या माणसांना पाठ टेकायला मावशीने विनापरवाना दोन मजले चढवले. जास्त भाडं देणारा आला की मावशी गोड बोलून शिवणवालीला वर सरकवायची. असं करत ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पोचली. तरी तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. लेक झाली तेव्हा बाळंतपणात हीच मावशी उशाशी बसली होती.

आता कोपऱ्यावर नवी शाळा निघाली होती. सध्या चाललेल्या जनगणनेत ज्यांची नावं इथे लागतील, त्यांच्याच मुलांना प्रवेश. मावशीने शब्द दिला होता, तुमची दोघींची नावं मी सांगते, तू निर्धास्त राहा.

गणतीच्या बाई आल्या तेव्हा बाकीचे भाडेकरू कारखान्यात गेले होते; मावशीने तिलाच चहा टाकायला सांगितलं. बाहेर बाई सांगत होत्या, की आपल्याकडेच नव्हे, शेजारच्या देशांतही शहरं अशीच फुगताहेत. पाणी, शाळा सगळं माणसं मोजून ठरतं, आणि लोक माणसंच लपवतात.

"आम्ही काय लपवणार?" मावशी हसली. "घरात आम्ही चौघं. वर कोणी राहत नाही, अडगळ आहे."

शिवणवाली ट्रे घेऊन दारातच थबकली. बाईंनी विचारलं, या कोण?

"कामाला येते. संध्याकाळी जाते आपल्या घरी."

बोललं तर खोली जाईल, हे शिवणवालीला कळत होतं. गप्प राहिलं तर लेकीची शाळा जाईल, हेही कळत होतं. तिने कप खाली ठेवले.

"मी वर राहते. मी आणि माझी मुलगी. लिहून घ्या."

बाईंनी दोन्ही नावं विचारली, लिहिली आणि मान खाली घालून चहा संपवला. त्या पायऱ्या उतरून गेल्या.

मग मावशीचे डोळे भरून आले. खोटे नव्हते ते.

"लेकीसारखं ठेवलं तुला," ती म्हणाली, "आणि तू माझाच गळा कापलास. आता विनापरवाना मजल्यांची चौकशी लागेल. महिनाअखेर खोली मोकळी कर."

शिवणवाली उष्टे कप गोळा करू लागली.