शंभर रात्रींची मनाई

लोसेना दार ढकलून बाहेर पडणार, तेवढ्यात बापानं, आपिसायनं, तिचा दंड धरला.

"आज न्हाई."

"का?"

"काल कुणाला मातीत घातलं, ठावं न्हाई व्हय तुला?"

ठावं होतं तिला. गावचा मुखिया गेला होता. आता शंभर रात्री गावात मोठ्यानं बोलायचं नाही, चेंडू खेळायचा नाही, नदीत जाळं टाकायचं नाही, आणि पळायचं तर मुळीच नाही. गावच्या शिवेत जो पळाला, तो मेलेल्याच्या छातीवरनं पळाला असंच धरतात आमच्यात.

पण ह्या बापलेकीचं पळणं साधं नव्हतं. चार वर्षं, रोज. कोंबडा आरवायच्या आत आपिसाय पोरीला हाक मारायचा. नदीकाठानं वरच्या टेकाडावरल्या दालोच्या कंदांच्या शेतापर्यंत पळत जायचं आणि पळतच माघारी. चिखल असो, ताप असो. वादळानं अर्ध्या गावाची छपरं नेली, त्याच्या दुसऱ्या दिवशीही दोघं आडव्या पडलेल्या माडांवरनं उड्या मारत गेली होती. शेजारचा वाइसेले हसायचा. म्हणायचा, तू पोरीला पळवतोस का ती तुला? आपिसायचं उत्तर ठरलेलं. दालोचा कंद एका रातीत फुगत नसतो बाबा. रोज वाढतो, मातीखाली असतो म्हणून तुला दिसत नाही.

आणि आता राजधानीत, सुवाला, शर्यत होती, बासष्ट दिवसांवर. पंधराशे मीटर. पहिल्या दोघींना खेळाच्या शाळेत जागा मिळणार होती, राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच. पोरीचं वय चौदा. पंधरावं लागलं की त्या शाळेत घेत नाहीत.

माकेरेता, त्याची बायको, चुलीपुढं कसावा सोलत होती. ती म्हणाली, मोठ्यांपुढं जा आणि मोकळीक माग. शिवेबाहेरच्या सडकेवर पळू द्या म्हणावं. नाहीतर दोन महिने माझ्या बहिणीकडं सिंगाटोकाला धाड.

आपिसायनं मान हलवली. लोक म्हणतील, मुखियाची माती सुकली नाही आणि ह्यांनी पोर पळायला धाडली.

"आन् मागायला काय हरकत हाय?"

"मी कसा मागू?" तो म्हणाला. "माझं घर कोंचं हाय?"

खरी अडचण ती होती. आपिसायचं घर गावच्या बोलक्याचं. लग्न असो, भांडण असो, कुणाला माफी हवी असो, कुटून पाण्यात कालवून पितात त्या यंगोनाच्या मुळ्यांची जुडी हातात धरून मोठ्यांपुढं बसायचं आणि दुसऱ्याचं मागणं आपल्या तोंडानं मांडायचं, हे त्याच्या आज्यापासूनचं काम. साऱ्या गावासाठी त्याची जीभ चालायची. पण बोलका स्वतःसाठी बोलत नसतो. त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी बोलायचं असतं. आणि त्यासाठी दुसऱ्या कुणाच्या दारात जायला त्याला लाज वाटली. वाइसेलेच्या दारापर्यंत एकदा गेला, पावसापाण्याचं बोलला आणि माघारी आला.

मग त्यानं स्वतःची समजूत घातली. पोरीच्या खांद्यावर दालोचं ओझं द्यायला लागला. चालत वर, चालत खाली. म्हणायचा, वजन वाहिलं की दम टिकतो. पहिले आठ-दहा दिवस लोसेना कोंबड्याच्या आधी आपसूक उठून बसायची. पुढं तेही बंद झालं.

सुवात ऊन रणरणत होतं. तिसऱ्या फेरीपर्यंत लोसेना पुढं. आपिसाय कुंपणाची जाळी धरून उभा. शेवटच्या फेरीला तिचे खांदे वर चढले आणि त्याला कळलं. गाभण गाय चढाला लागते तशी ती जड झाली. एक पोर पुढं गेली. मग दुसरी. मग तिसरी.

लोसेना चौथी आली.

तिथल्या शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, पळणं किती दिवस बंद होतं? आपिसायनं सांगितलं, दोन महिने. बाई हळूच म्हणाल्या, "वाटलंच. पाय छान आहेत हो. पण दम साठवून ठेवता येत नाही."

येताना बसमध्ये लोसेना खिडकीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग करत होती. तो तिच्या पायांकडं बघत राहिला.

गावात आल्यावर संध्याकाळी तो मोठ्यांच्या बैठकीत गेला. यंगोनाची वाटी फिरत होती. म्हातारा इलायतिया, मयत मुखियाचा भाऊ, त्यानं विचारलं, कितवी आली? आपिसायनं सांगितलं.

म्हाताऱ्यानं वाटी खाली ठेवली.

"तू आला का न्हाईस?"

"कुठं, थोरल्या बा?"

"माझ्याकडं. मुळ्यांची जुडी घेऊन, दुसऱ्या कुणाच्या तोंडानं का हुईना. माझा भाऊ दारात बसून रोज ती पोर बघायचा. ती गेली की म्हणायचा, चला, दिस उगवला. पहिल्या दिवशीच सोडलं असतं तिला. पर मागितल्याबिगर कसं देऊ? मागणारा तर तूच."

आपिसायनं टाळी वाजवून वाटी घेतली. रीत होती म्हणून प्यायला.

घरी येऊन त्यानं लोसेनाला सगळं सांगितलं. लपवलं असतं तर चाललं असतं, पण लपवलं नाही. ती भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजी कुणी न्हाई म्हनलंच नव्हतं?"

"न्हाई."

"तूच म्हनायचास बा, लोक हसूंदेत, आपुन जायाचं."

"व्हय."

ती पुन्हा घासायला लागली. रडली असती, ताटली आपटली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

शंभरावी रात्र सरली. डुकरं भाजली, पोरं शंभर रात्रींचं कोंडलेलं ओरडणं एका दिवसात ओरडली. मनाई उठली. दुसऱ्या दिवशी, कोंबडा आरवायच्या आत, आपिसाय लोसेनाच्या चटईपाशी येऊन बसला. हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. कुठल्या तोंडानं मारू, असं त्याला झालं असावं. जरा वेळ बसला, मग उठला, कुदळ खांद्यावर टाकली आणि चालत शेताकडं गेला.

माकेरेता चुलीपाशी जागी होती. तिनं बघितलं. लोसेनाचे डोळे सताड उघडे होते. बापाची पावलं नदीकाठाला ऐकू यायची थांबेस्तोवर ती तशीच पडून राहिली, आणि मग तिनं अंगावर चादर ओढून घेतली.