कोरडं डोकं

१९८७ सालची गोष्ट. गणपती गेले होते आणि ठाण्यात दसऱ्याच्या खरेदीला सुरुवात झाली होती. आमचे हे, दामाजी, नौपाड्यात मधुशेठच्या कापडाच्या दुकानात काउंटरला होते. आम्ही कोपरीचे. आमच्या घरातून मिठागर सोडून दुकानात उभे राहिलेले हेच पहिले. सुटिंगचा तागा उलगडायचा, टोक स्वतःच्या खांद्यावर टाकायचं आणि आरशासमोर उभं राहून म्हणायचं, "साहेब, अंगावर असं पडेल बघा." हे त्यांच्यासारखं कोणाला जमत नसे. कल्याणहून येणारे नवरदेवसुद्धा दामाजींनाच विचारत यायचे.

त्या वर्षी यांच्या डोक्यात कोंडा झाला. साधासुधा नाही, भुवयांतसुद्धा पापुद्रे. काळ्या कापडावर पडला की लगेच दिसे. एका नवरदेवाच्या बापाने कापड झटकून पाहिलं आणि काही न घेता उठला.

"दामाजी, मिठागर सोडलंस ना रे? मग मीठ कशाला आणतोस दुकानात?" मधुशेठ हसत म्हणाले. मग हसणं थांबवून म्हणाले, "तुळशीच्या लग्नापर्यंत बघतो. नाहीतर तू मागे गोदामात. ताग्यांना चिठ्ठ्या लाव."

हे डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले. "औषधी शाम्पू लावा म्हणाले," एवढंच मला सांगितलं. औषधाच्या दुकानात जाऊन मागायची त्यांना लाज वाटत होती, म्हणून मी गेले.

"रघुभाऊ, कोंड्याचा शाम्पू द्या. पुरुषांचा."

"वहिनी, कोंड्याला काय माहीत डोकं कोणाचं आहे?" औषधवाले रघुभाऊ म्हणाले.

"या बाटलीवर तर पुरुषाचं चित्र आहे."

"तेवढाच फरक. चित्र हवं असेल तर ही घ्या. गुण हवा असेल तर ही, डांबराच्या वासाची."

मी डांबराची घेतली. उशांचे अभ्रे नव्या रस्त्यासारखे वास मारू लागले, कोंडा तसाच. मग पिवळी आणली. तिने माझ्या बोटातली चांदीची अंगठी काळी पडली. हे मोरीत पाटावर बसायचे, मी डोकं चोळायची, फेस तसाच ठेवून वाट बघायची. पाणी भरणं, दोन मुलं, सासूबाईंचे मोतीबिंदूचे डोळे, आणि त्यात हे. हात गळून जायचे.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा रघुभाऊंनी विचारलं, "धुतल्यावर डोकं कोरडं ठेवतात ना? तेलबिल नाही ना लावत?"

रोज संध्याकाळी हे दुकानातून आले की आईपुढे बसत, आणि सासूबाई वाटीतलं कोमट खोबरेल त्यांच्या डोक्यात जिरवत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते बघत होते. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

घरी येऊन म्हटलं, "अहो, तेलाने वाढतो म्हणे."

"माहीत आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मग एवढ्या बाटल्या कशाला आणायला लावल्यात मला?"

"वाटलं, एखादी तेलालाही पुरून उरेल."

शेवटी सासूबाईंना मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोरडा डोका घेऊन हिंडला का लोका इचारतान, आय मेली का याची? मी जित्ती हाय आजून." पण वाटी त्यांनी फळीवर ठेवून दिली.

कोंडा खरंच कमी झाला. यांचे खांदे स्वच्छ दिसू लागले. शेठ पुन्हा नीट बोलू लागले. सासूबाई मात्र संध्याकाळी दाराकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून बसत. यांची चप्पल वाजली की मान वळवत आणि पुन्हा तशाच बसत.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी हे आले, हातपाय न धुता स्वयंपाकघरात शिरले, वाटी स्वतः चुलीवर धरली आणि आईपुढे जाऊन बसले.

"लाव गो आय."

"आन तुजा तो शेट?"

"शेट जाव दे."

सासूबाईंनी केसांत बोटं घातली. "केवरा सुकलाय रं डोका, मेल्या," म्हणाल्या. मी भाकऱ्या थापत होते. बोलायचं त्राणही नव्हतं. उरलेल्या शाम्पूने पुढे मी कंगवे धुतले.

तुळशीचं लग्न झालं आणि हे गोदामात गेले.

सासूबाई १९९१ साली वारल्या. दहाव्याला यांनी केस उतरवले. नवे आले ते कोरडे, स्वच्छ. त्यानंतर यांनी कधी तेल लावलं नाही. मी मधुशेठना भेटून विचारून पाहिलं. पण काउंटरवर तोवर पंढरी नावाचा मुलगा चांगला रुळला होता. १९९८ मध्ये दुकान बंद झालं तेव्हा हे गोदामातूनच घरी आले. मधुशेठ मुलाकडे पुण्याला गेले, पुढचं कळलं नाही. रघुभाऊ गेले, त्यांचं दुकान सून चालवते. मुलगा नाशिकला असतो. यांना जाऊन आता दहा वर्षं झाली. मी कल्याणला लेकीकडे राहते. जया नोकरीवरून दमून येते, आणि पानं घेईपर्यंत आम्ही दोघी फारसं बोलत नाही.