शालीचा वास

तीस वर्षं मी लोखंडी कपाटांना स्प्रेने रंग मारतोय. पिंपाचं झाकण काढलं की नुसत्या वासावरून थिनर अस्सल की भेसळीचं ते सांगायचो. कारखान्यात मला 'नाक' म्हणूनच हाक मारतात. मास्क आहे, खिळ्याला टांगलेला. तो लावला तर नाकाचा उपयोग काय, असं मीच ऐटीत म्हणायचो. गाढवपणा, दुसरं काय.

हातावरचा रंग नुसत्या साबणाने निघत नाही. सुटी झाली की थिनरमध्ये बोळा बुडवायचा, कोपरापर्यंत हात पुसायचे आणि घर गाठायचं. मी दारात पाऊल टाकलं की बायको आधी उठून खिडकी उघडायची. "आलं आमचं पिंप," म्हणायची. मला राग यायचा.

ती जाऊन दोन वर्षं झाली. तिची एक शाल मी धुतली नाही, पिशवीत बांधून ठेवली. कामावरून आलो की पिशवी सोडायची, शाल दोन्ही हातांनी तोंडाशी धरायची, मग चहा. घरात बोलायला दुसरं आहे कोण?

गेल्या हिवाळ्यात शालीचा वास येईनासा झाला. उडून गेला म्हणून मी दोन दिवस जेवलो नाही. मग एकदा दूध करपलं, घर धुराने भरलं, तरी मला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, थिनरने नाक गेलंय, परत येईलच असं नाही. राग तेवढा नाकावर शाबूत आहे. पण खरं सांगतो, मला बरंच वाटलं. म्हणजे वास शालीत असेल अजून, मीच त्याला मुकलो होतो.

काल मुलगी आली, वर्षाने. चहाच्या आधीच मी पिशवी तिच्यापुढे ठेवली.

"बघ गं, आईचा वास येतोय का? मला कळत नाही हल्ली."

तिने शाल तोंडाशी नेली.

"येतोय की, बाबा," ती म्हणाली. शालीची नीट घडी घातली, डोळे पुसले आणि उठून खिडकी उघडली.

मी माझ्या हातांकडे बघत राहिलो. दोन वर्षं, रोज संध्याकाळी, साबण लावायच्याही आधी, मी याच हातांनी ती शाल काढत होतो.