कडूबाईची वांगी

भिंगारला दर शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथला नियम एकच: आपल्या रानात पिकलं तेच विकायचं. प्रत्येकाच्या पुढ्यात पाटी असते, तिच्यावर नाव, गाव आणि आजचा दर. नियम पाळला जातो का, हे बघायचं काम तिसगावच्या मार्थाबाई साळवे यांच्याकडे होतं. त्यांनी वीस वर्षं बालवाडीत शिकवलं होतं, आता स्वतःच्या दोन एकरांत पालक, मेथी, टोमॅटो काढत होत्या. महिन्यातून एकदा त्यांनी सगळ्यांची रानं फिरून बघायची, असं ठरलेलं होतं.

एप्रिलातल्या एका शनिवारी त्यांचं लक्ष बाजारात शेजारी बसणाऱ्या कडूबाईच्या वांग्यांवर गेलं. कडूबाईची वांगी म्हणजे ठेंगणी, काटेरी, एक लहान तर एक मोठं. एखादं किडकं निघालं तर ती आपणहून बाजूला काढायची. आज टोपलीतली वांगी मात्र एका मापाची आणि तेल चोळल्यासारखी चकचकीत होती. तीन शनिवार झाले, ती सगळ्यांबरोबर टेम्पोतही येत नव्हती. भाचा गाडीवर सोडतो, म्हणायची.

तेवढ्यात एंजल आली. एंजल भिंगारमध्येच राहणारी नर्स. तिच्या वडिलांवर कॅन्सरचे उपचार चालू होते आणि कडूबाई औषध फवारत नाही, म्हणून ती दोन वर्षं तिच्याकडूनच भाजी घेत होती.

"पप्पांना हल्ली दुसरं काही जात नाही, मावशी. तुमच्या वांग्याचं भरीत तेवढं खातात," पिशवी भरता भरता ती म्हणाली.

कडूबाईनं मान वर केली नाही.

सोमवारी मार्थाबाई कडूबाईच्या वस्तीवर गेल्या. तिसगावच्या पुढं, डोंगराच्या अंगाला चार घरं आहेत, त्यातलं शेवटचं तिचं. वांग्याच्या वाफ्यात एक हिरवं पान नव्हतं. वाळलेली झाडं उपटून चुलीसाठी घरामागं रचून ठेवली होती.

कडूबाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि त्या विचारायच्या आधीच बोलायला लागली. "बोर मार्चातच आटला, बाई."

"मग सांगायचं न्हाई का?"

"सांगून काय? जागा सोडली की दुसरं कुनी बसतंय. मार्केट यार्डात पहाटं लिलाव व्हतो, तिथनं दोन क्रेट घेत हुते. भाव मात्र आपल्या पाटीवरचाच लावला. ते बी चुकलंच."

"आन् एंजल?"

कडूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ती इचारत न्हाई. इचारलं आसतं तर म्या खोटं बोलले आसते का न्हाई, मलाच ठावं न्हाई. पन ती इचारीतच न्हाई, गुमान पिशवी भरती. ते लई लागतं."

मार्थाबाईंना राग आला होता, पण तो पुरता कडूबाईवर काढता येईना. मार्चमध्ये त्या या वस्तीवर आल्याच नव्हत्या. ऊन होतं, आणि कडूबाईचं काय बघायचं, म्हणून वहीत तिच्या नावापुढं त्यांनी घरी बसूनच खूण केली होती.

पुढच्या शनिवारी बाजार मांडायच्या आधी सगळे जमले. कांदा पिकवणारे वैजनाथराव बाजाराचे प्रमुख होते. मार्थाबाईंनी आधी आपली चूक सांगितली, मग कडूबाईची. कडूबाई उभीच होती. तिनं नाकारलं नाही.

"पाणी गेलं, ह्यात तिचा काय दोष?" कुणीतरी म्हणालं.

"दोष न्हाईच," वैजनाथराव म्हणाले. "पण आज हिला यार्डातलं विकू दिलं, तर उद्या व्यापारी इथं येऊन बसल आन् आपल्याच पाट्या लावल. लोकं आपल्याला दोन रुपये जास्त कशापायी देतात? रान बघून देतात." मग ते कडूबाईकडं वळले. "तुमची जागा कुनाला देनार न्हाई. पण वाफे हिरवे दिसल्याबिगर भाजी आणायची न्हाई. आन् ज्यांनी नेली, त्यांना तुमीच सांगायचं."

त्या दिवशी कडूबाई रिकाम्या जागेवर बसून राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत गेली. काहीजण हसून पुढं गेले. एका बाईनं "सगळे असेच" म्हटलं आणि ती बाजारातूनच निघून गेली. ते बाकीच्यांनाही लागलं.

एंजल नऊ वाजता आली.

"सिस्टर, मागल्या तीन शनिवारची वांगी माझ्या रानातली नव्हती. यार्डातनं आणलेली हुती. फवारलेली का काय, मला म्हाईत न्हाई."

"तीन आठवडे मी पप्पांना तेच खायला घातलं," एंजल हळू आवाजात म्हणाली. मार्थाबाईंनी पालकाची जुडी पुढं केली, पण तिनं मान हलवली आणि रिकामी पिशवी घेऊन ती परत गेली.

टेम्पोतून परतताना कडूबाई म्हणाली, आता जागा ठेवून तरी काय करू. मार्थाबाई तिच्याबरोबर वस्तीवर उतरल्या. बांधावर शेवग्याची चार झाडं शेंगांनी लवली होती. घरात चिंच फोडून ठेवलेली होती, कणगीत हुलगे होते.

"हे कुनाच्या रानातलं?" मार्थाबाईंनी विचारलं.

"माझ्याच. पन हे काय विकायची चीज हाय?"

पुढच्या शनिवारी तिच्यापुढं शेंगा, चिंच आणि हुलगे मांडलेले होते. पाटीवर तिनं बाजारातल्या शेंगांच्या दराच्या निम्मा आकडा लिहून घेतला होता. वैजनाथराव तो वाचून थांबले.

"हा काय दर?"

"माझ्याकडनं चूक झालीया. जास्ती कोनत्या तोंडानं मागू?"

"चूक तुमची, शेंगांची न्हाई. तुमी निम्म्यात विकल्या तर तो शेंगा घेऊन बसलेला सहादेव काय करंल? त्यानं काय केलंय?" त्यांनी दर पुसला आणि खडू मागून तिच्याच हातात दिला. "जो वाजवी, तो लिहा."

कडूबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं आकडा सांगितला, मार्थाबाईंनी लिहिला. त्या दिवशी अर्ध्या शेंगा उरल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी थोड्या कमी उरल्या.

एंजल दोन महिने तिच्यापुढून सरळ मार्थाबाईंकडं जात होती. जूनच्या अखेरीस ती कडूबाईपाशी थांबली. "मावशी, मला तुमचं रान बघायचंय."

ती मंगळवारी स्कूटीवर आली. कडूबाईनं तिला आटलेला बोअर दाखवला, उघडे वाफे दाखवले, मग बांधावर नेलं. "ह्या फांदीला सुरवंट आलता. काठीनं पाडला. बाकी काय मारलं न्हाई."

एंजलनं फांदीवरून हात फिरवला. "पप्पा आता बरे आहेत," ती म्हणाली. "त्या वांग्यांनी काही झालं नाही. पण मला ते आठवलं की अजून राग येतो."

"येनारच," कडूबाई म्हणाली.

एंजलनं स्वतःच्या हातानं सहा शेंगा तोडल्या आणि पाटीवरच्या दराप्रमाणे पैसे दिले. कडूबाईनं ते मोजून घेतले, परत केले नाहीत. जाताना एंजल म्हणाली, "वांगी लावाल तेव्हा कळवा. बघून जाईन, मग घेईन."

ऑगस्टमध्ये बोअरला थोडं पाणी आलं. कडूबाईनं दोनच वाफ्यांत वांग्याची रोपं लावली, आणि त्याच संध्याकाळी मार्थाबाईंकडून एंजलला फोन लावून घेतला.