पोळा फुटायच्या आधी

या, बसा टेकून. सदाशिवरावच्या बैलाची गोष्ट सांगतो तुम्हाले. चहा उकळेपर्यंत होऊन जाईल.

आर्णीच्या अंगाले नदीवर विजेचं धरन झालं. त्यात दोन गावं बुडाली, बोरखडी अन् टेंभुरदरा. दोन्ही गावं उचलून सरकारनं टेकडीमांगं एकाच पुनर्वसनात आनून टाकली. घरं एका मापाची. विजेचे खांबही आले, तार तेवढी यायची राह्यली.

बोरखडीत पोळ्याच्या तोरनाखालून पहिला बैल सदाशिवरावचा निघे. आज्यापासून तोच मान. टेंभुरदऱ्यात तो मान घनश्यामचा. आता गाव एक, तोरन एक.

पहिल्या पोळ्याले आपल्या चांद्या बैलाच्या शिंगाले बेगड लावता लावता सदाशिवराव मनात म्हने, घर गेलं, वावर गेलं. हेही गेलं तं इथं आपल्याले वळखन कोन?

तोरनापाशी जुंपलीच दोघांची.

"घनश्याम, जोडी मांगं घे."

"काहून? बोरखडी कुठं आहे आता, भाऊ? मासोळ्याईले विचारा."

"अन् तुह्यं टेंभुरदरा काय वर तरंगून राह्यलं?"

लोक हसले. तेवढ्यात डफडं वाजलं अन् चांद्यानं मान वळवली. दरसाल डफडं वाजलं का तो नदीकाठच्या आखरावर, गावची गुरं जमत त्या मैदानात जाय, तोरन तिथंच असे. आखर बुडाला हे त्याले कोन सांगनार? कासरा हिसकून तो टेकडी उतरला. त्याच्यामांगं सारे बैल, झुली फरफटत. त्यांच्यामांगं मानसं.

चांद्या गुडघाभर पान्यात जाऊन उभा राह्यला. समोर एका कडुलिंबाचा शेंडा तेवढा वर होता. बाकीचे बैल वळले. हा हालेच ना. सदाशिवरावनं चुचकारलं, शेपूट पिळली.

घनश्याम थांबून होता. "येऊ द्या त्याले, भाऊ. तुमच्याबिगर नाही फोडत पोळा."

"दिवस बुडून राह्यला. तू जाय."

घनश्याम गेला. पोळा फुटला, पहिला बैल त्याचा.

तवापासून पोळ्याले सदाशिवराव बैल गोठ्यातच पुजते अन् दार लावून घेते. घनश्याम दरसाल तोरनापाशी खोळंबते, मंग निघते. मी पडलो बोरखडीचाच, आपलाच मानूस मन राखाले बोलते म्हनून सदाशिवराव माह्यं ऐकत नाही. तुम्ही बाहेरगावचे. परवा पोळा आहे. जाता जाता त्याच्या दारी थांबा अन् एवढं म्हना, घनश्याम वाट पाहून राह्यला, जोडी काढा.